ओ दे

जुना जालना
९ नोव्हेंबर १९७३

सत्यशीलेस गिरिजाचा जयभीम.

पोरगी पोचली. साहेबरावानं तिला दारात उभी केली आन् चहाबी न घेता माघारी फिरला. आई गेल्यावर ज्याला मी कडेवर वागवला, माझ्या ताटात जेवू घातला, तो माझा भाऊ माझ्या चुलीपुढं बसला न्हाई. म्हणला, जल्दी हाय. कसली जल्दी? मंठ्याची गाडी दुपारून सुटती, आम्हाला काय ठाऊक न्हाई का? नजर वर करीत नव्हता. तूच काहीतरी पढवून धाडलं असशील, दुसरं काय.

दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या गावाला धाडली ती उषी ही न्हाई. कानाच्या वर केसांचा झुपकाच गायब हाय. न्हाऊ घालताना पाह्यलं तर छातीपासून पाठीपर्यंत काळानिळा वळ. विचारलं तर म्हणती पडले. कुठं पडली, कशी पडली, तर गप. साहेबराव दारातून एवढंच बोलला, तलावात पाय घसरला, जरासं पाणी गेलं पोटात. जरासं पाणी गेल्यानं केस उपटून येतात व्हय गं?

काल पुष्पाबाई आल्ती. लेकीच्या बाळंतपणाला जालन्यात हाय सध्या, तुमच्या उंबरवाडीचीच, तिला काय खोटं बोलायची गरज? ती म्हणली, उषी बुडत व्हती आन् बांधावर चार माणसं बसलेली, पण कोणी ओरडणं ऐकलं न्हाई. तू शेतातून आली, काठावर उभी राह्यली, तिला घरातून हाक मारावी तशी हाक मारली आन् तिच्याकडं बघत बसली. पोरीला बाहेर काढल्यावर लोक म्हणले उलटी टांगा, पोटातलं पाणी निघंल, तर तू कोणाला हात लावू दिला न्हाई. तिच्या तोंडाला तोंड लावून बसली. हे काय नवीन? आणखी काहीतरी सांगणार व्हती पुष्पाबाई, पण पदर तोंडाला लावला आन् गप झाली. मी लई खोदून विचारलं. म्हणली, आता ऱ्हाऊ द्या, बाईमाणसाची गोष्ट हाय.

आन् एक. पोरगी घरात फिरता फिरता मला हाका मारती, "आई, ओ दे." मी ओ दिली न्हाई की पळत येऊन माझ्या तोंडाकडं बघती. हे कुठून शिकून आली? आपण ते भानामतीचं सारं सोडलं, बाबासाहेबांनी सोडायला लावलं, म्हणून मी तोंडानं काही म्हणत न्हाई. पण माणसाच्या मनात येतंच ना.

तू मॅट्रिक, मी सातवी. तरी खरं-खोटं मला वाचता येतं. काय झालं ते बराबर लिही.

गिरिजा


उंबरवाडी
१४ नोव्हेंबर १९७३

आदरणीय अक्का,
सविनय जयभीम.

पत्र मिळालं. उषा जेवते का, झोपते का, ते तुम्ही लिहिलं नाही. रात्री दचकत असेल तर जवळ घेऊन झोपा.

तुम्ही हा तलाव पाहिलेला नाही, म्हणून आधी ते सांगते. मागच्या वर्षी दुष्काळात साऱ्या गावानं खपून पाझर तलाव बांधला. मीही पाट्या वाहिल्या. बांधाला लागणारा मुरूम आतूनच खणला, तेव्हा तिथं माणूस दिसेनासा होईल असा खड्डा झाला. यंदा पाऊस झाला आणि सगळं भरलं. वरून आता सपाट पाणी दिसतं. ज्यांनी तो खड्डा खणला त्यांनाही तो आठवत नाही, कारण आपल्या गावात उभं पाणी कुणी कधी पाहिलंच नव्हतं. विहिरीला आपल्याला हात लावू देत नव्हते, तर पोहायला कोण शिकणार? उषा काठाकाठानं घोट्याएवढ्या पाण्यात चालत होती. एक पाऊल पुढं टाकलं आणि खालची जमीनच संपली.

आता ओरडण्याचं. अक्का, माझं माहेर गोदावरीच्या काठचं. आमच्याकडं बाया नदीवर धुणं धुताना पाण्याकडं पाठ करून बसतात आणि मधून मधून पोरांना हाक मारतात. पोरं जिथं असतील तिथून "ओ" देतात. पोरांचा दंगा चालू असला तर कुणी मान वळवत नाही. दंगा थांबला, ओ आली नाही, की हातातलं टाकून पळायचं. माझी आई चतुराबाई म्हणायची, ओरडणाऱ्याकडं दम असतो, त्याला थोडा वेळ आहे. गप झालेल्याला वेळ नाही. बुडणाऱ्याचं तोंड पाण्याखाली जातं, वर येतं, पुन्हा जातं. वर आलं की श्वास घ्यायचा की ओरडायचं? हात वर करून तो बोलावत नाही, हातांनी दोन्ही बाजूंना पाणी खाली दाबत राहतो. मान मागं पडलेली असते, केस डोळ्यांवर आले तरी बाजूला सारत नाही. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, पोर उभ्या उभ्या खेळतंय.

म्हणून मी हाक मारली. बघत बसले नाही, ओ येते का ते पाहत होते. ओ आली नाही.

मग तिथं बैलाचा कासरा पडला होता तो टाकला आणि तिला ओढून घेतलं. केस माझ्याच हातात आले, कारण समोरून धरलं तर बुडणारा आपल्या गळ्यात पडतो आणि दोघंही जातात, म्हणून मागून धरायचं असतं. तेवढं पोरीला दुखलं, मला माफ करा. उलटं टांगू दिलं नाही, कारण तिचा श्वासच चालत नव्हता, त्यात वेळ गेला असता. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला सुईण तोंडानं वारा देते, तसा मी दिला. तिला उलटी झाली आणि ती रडली. एवढंच झालं.

हे त्या वेळी शेतात होते, मागून आले. त्यांना तुम्ही काही विचारू नका, त्यांनी धसका घेतला आहे.

उषाला ओ देत जा. ती काही बाधा नाही.

आपली
सत्यशीला


जुना जालना
२० नोव्हेंबर १९७३

सत्यशीला,

तुझं पत्र उषीच्या बापाला वाचून दाखवलं. ते म्हणले, सत्यशीलेनं झकास समजावलंय. मी म्हणलं, समजावलंय झकासच. म्हणून तर मला शंका येऊन राह्यली.

कासरा म्हणलीस तू. कासऱ्याचा वळ मला शिकवू नको. आमचं बालपण कासऱ्याचा मार खाण्यात गेलं, मी आन् साहेबराव दोघंबी. कासऱ्याचा वळ बोटाएवढा, पिळाचा. उषीच्या अंगावरचा वळ तळहाताएवढा रुंद हाय, चपटा, दोन्ही काखांखालून गेलेला. पुष्पाबाईला पुन्हा गाठलं. म्हणलं, बैल व्हते का तलावावर? म्हणली, बैलाचं नाव नव्हतं. मंग कासरा काय आभाळातून पडला?

आन् साहेबराव शेतात व्हता म्हणलीस. पुष्पाबाई म्हणती बांधावरच बसून व्हता, बिडी पीत. आता तूच सांग, माझा भाऊ तिथं असता तर भाचीला बुडू दिली असती? जीव गेला असता तरी उडी टाकली असती त्यानं. म्हणजे तो तिथं नव्हता तर पुष्पाबाई खोटी, आन् तो तिथं असून उठला न्हाई तर कुणीतरी त्याला उठू दिलं न्हाई. एका पत्रात दोन खोटी निघाली. पाणी कुठंतरी मुरतंय बाई. तुमच्या पाझर तलावातबी एवढं मुरत नसंल.

मी काय समजायचं? लग्नाला चार वर्सं झाली, तुझी कूस उजवली न्हाई. दुसऱ्याचं लेकरू घरात हसतं-खेळतं बघून माणसाच्या पोटात काय काय येतं, देव जाणे. देव म्हणू नये, पण मला दुसरा शब्द सुचत न्हाई. त्या रुंद वळाचं काय ते सांग. कोणी तिला हातांनी धरून ठिवलं व्हतं का पाण्यात? आन् उषी काहून बोलत न्हाई? कोणाला भिती ती?

सहा डिसेंबरला मी येणार. गावची सारी माणसं झेंड्यापाशी जमतील, वंदना झाली की सगळ्यांसमोर उभी राहून विचारीन. आन् साहेबरावाला सांगीन, बहीण हवी का बायको, एक काय ते ठरव. तो माझ्या शब्दाबाहेर न्हाई, हे तुला ठाऊक हाय.

गिरिजा


उंबरवाडी
२४ नोव्हेंबर १९७३

आदरणीय अक्का,
जयभीम.

कुशीबद्दल लिहिलंत, ते वाचून मी पत्र चुलीत घालायला उठले होते. मग ठेवून दिलं. तुमच्या जागी मी असते तर मीही तितकीच बिथरले असते, असं स्वतःला समजावते आहे. अजून पुरतं समजावून झालेलं नाही.

कासरा नव्हता. ते मी खोटं लिहिलं. हे शेतात नव्हते, तेही खोटं. बाकीचं सारं खरं आहे. या दोन खोट्यांच्या मागं काय आहे ते लोकांसमोर विचारू नका, पाया पडते. मला एकटीला विचारा, घरात, दार लावून, मी सगळं सांगेन. लोकांसमोर विचारलंत तर मला घाव बसेल तो बसेल, पण त्याहून मोठा दुसऱ्या माणसाला बसेल, आणि ते माणूस तुमच्या जिवाचं आहे. उषाला मीच शपथ घातली आहे, तिच्यावर रागावू नका.

पोरगी वाचली अक्का, पण इथं एक माणूस अजून पाण्यातच आहे. त्या दिवसापासून घरात शब्द नाही. मी हाक मारते, ओ येत नाही.

उषाला कुंडलिकेवर एकटी सोडू नका. ती पाण्याला भिते म्हणून नाही. नदीतून वाळू उपसतात, तिथंही आमच्या तलावासारखेच खड्डे असतात.

सत्यशीला


जुना जालना
२८ नोव्हेंबर १९७३

सत्यशीले,

घाईत लिहून राह्यले, अक्षर लावून वाच.

काल सकाळी धुणं घेऊन कुंडलिकेवर गेल्ते. उषीला संगं नेली. शेजारची चांगुणाबाई बी व्हती, तिची नात पारू घेऊन. उषी पाण्यापासून लांब, दगडावर पाय वर घेऊन बसली. पारू काठाला खेळत व्हती, एवढंसं पाणी, तिच्या गुडघ्यालाबी लागत नव्हतं. आम्ही दोघी धुणं आपटीत, बोलत. काय बोलत व्हतो तेबी सांगते, तुझ्याबद्दलच बोलत व्हतो. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणत व्हते, सहा तारखेला बघते तिला.

तेवढ्यात उषीनं हाक दिली, "पारू, ओ दे." मी म्हणलं, झालं हिचं सुरू. पुन्हा तीच हाक. मी मान वर करून पाह्यलं. पारू जरा पुढं सरकली व्हती, गळ्याएवढ्या पाण्यात उभी, मान मागं टाकून. हात असे दोन्ही बाजूंनी पाण्यावर थापटून राह्यली. मी हसले गं. खरं सांगते, हसले. म्हणलं, खेळू दे की तिला, बघ कशी नाचून राह्यली.

उषी म्हणली, "आई, ती खेळत न्हाई."

एवढंच म्हणली, ओरडली न्हाई. दगडावरून उतरली, माझ्या पुढ्यातलं ओलं लुगडं उचललं, एक टोक माझ्या कमरेला गुंडाळलं, दुसरं स्वतः धरलं आन् चांगुणाबाईला धरायला लावलं. म्हणली, तू जा, मागून धर, आम्ही ओढतो. मी का गेले, मला ठाऊक न्हाई. पोरीचं तोंड पाह्यलं आन् गेले. चार पावलं टाकली तर खालची वाळू सरकली, छातीपर्यंत पाणी आलं. पारू माझ्यापासून हातभर व्हती. डोळे उघडे. माझ्याकडंच तोंड व्हतं, पण मला बघत नव्हती. तोंडात पाणी जात व्हतं, येत व्हतं. चकार शब्द न्हाई. एवढ्या जवळ असून मला तिचा श्वाससुद्धा ऐकू आला न्हाई. तिच्या मागं सरकून झग्याला धरलं, त्या दोघींनी लुगडं ओढलं.

वाचली. खोकली, ओकली, मंग असं भोकाड पसरलं की धोब्याची गाढवं बुजली. तिची आजी तिला मारायलाच धावली, मी म्हणलं, मारू नको, रडू दे, रडती तोवर जिती हाय. बोलून गेल्यावर ध्यानात आलं, हे मी कोणाचं बोलून राह्यले.

घरी आले. लुगडं सोडलं तर माझ्या कमरेला वळ. तळहाताएवढा रुंद, चपटा.

मी किती तरी वेळ तो वळ बघत बसले. मंग उषीला जवळ घेतलं. म्हणलं, माझ्याजवळ तर धुणं व्हतं. तुझी मामी शेतातून आल्ती. तिच्याजवळ काय व्हतं गं?

तेव्हा फुटली पोरगी. म्हणली, मामीनं पातळ सोडलं. सगळ्या बाप्यांसमोर. एक टोक मामाच्या अंगावर फेकलं, धरा म्हणली, आन् दुसरं घेऊन परकरावर पाण्यात शिरली, ते माझ्या काखांखालून गुंडाळलं. बांधावरच्या लोकांनी तोंडं फिरवली, एक जण हसला बी. म्हणून पुष्पाबाईनं पदर तोंडाला लावला व्हता, आता कळलं. त्या बयेला मी आज असं झापलंय की लेकीचं बाळंतपण संपेतोवर माझ्या दाराकडं बघायची न्हाई.

आन् मामा? मी विचारलं. उषीनं माझा पदर मुठीत धरला. मंग म्हणली, बुडताना मामा दिसला. तो हसत व्हता. हात करून दाखवीत व्हता लोकांना, बघा माझी भाची कशी खेळती.

म्हणजे हे तू झाकीत व्हतीस. स्वतःची लाज झाकलीस ते झाकलीस, माझ्या भावाला माझ्यापासून झाकलंस. मी इकडून कुशीवरून बोलले तुला, आन् तू एका ओळीत लिहून मोकळी झाली असतीस तर माझं तोंडच बंद झालं असतं. का न्हाई लिहिलंस गं? मी असते तर लिहिलं असतं. चांगलं तांबड्या शाईनं लिहिलं असतं.

ते कुशीचं जे बोलले ते परत घेता येत न्हाई. पण तुझ्यासमोर येऊन, दार न लावता, सगळ्यांपुढं मागं घेणार हाय.

साहेबरावाला सांग, तुझी बहीण बी हसली. चार पावलांच्या अंतरावर हसली. त्याला बराबर हेच शब्द वाचून दाखव. तो चहा न घेता गेला त्याचा राग मी तुझ्या नावावर लिहिला व्हता, तो फेडायचा कसा ते मला उमगत न्हाई. म्हणून सोबत पातळ घेऊन येते. जुन्या जालन्यातल्या दुकानात दोन्ही टोकांना धरून, ओढून बघितलं. दुकानदार म्हणला, बाई, नेसायचंय का बैल बांधायचाय? मी म्हणलं, माणूस बांधायचाय. तुझ्यासारखं गोलच नेसायचं घेतलंय, पूर्वी त्यावरूनबी टोमणे मारले व्हते मी.

सहा तारखेला येते. पत्र मिळालं की ओ दे.

तुझी
गिरिजाअक्का


उंबरवाडी
२ डिसेंबर १९७३

अक्का,

ओ.

पत्र काल आलं. ह्यांना वाचून दाखवलं. 'तुझी बहीण बी हसली' इथं आले तेव्हा थांबवलं मला, म्हणाले पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. मग उठून बाहेर गेले. मी घाबरले, मागोमाग गेले, तर तलावावर जाऊन खड्डा आहे तिथल्या काठानं बाभळीच्या मेखा ठोकत होते, त्यांना दोर आणि लाल चिंध्या बांधत होते. काठावर बसूनच, पाण्यात न उतरता. बांधावरच्या एकानं विचारलं, हे काय चालवलंय, तर पुढची मेख ठोकायला घेतली. संध्याकाळी स्वतःहून चहा मागितला.

कुशीचं मला लागलं होतं आणि अजून लागतं. तुम्ही आलात की कमी होईल, असं वाटतं. पातळ आणा, नाही म्हणत नाही. माझं त्या दिवशीचं मधोमध फाटलं, त्याच्या आता दोन गोधड्या होतील.

सहा तारखेला हे फाट्यावर तुम्हाला घ्यायला उभे राहतील. मान खाली घालून उभे असतील, तुम्ही गाडीतून उतरलात तरी वर पाहणार नाहीत. तुम्ही रागावू नका आणि समजूतही घालू नका. लहानपणी जेवायला बोलावताना मारत होतात, तशी एक हाक तेवढी मारा.

ओ येईपर्यंत मारत राहा.

सत्यशीला